विदर्भात सापडलेल्या चांदीच्या नाण्यांचा धातू कुठून आला, हे समस्थानिकांवरून कसे शोधावे

विदर्भात चंद्रपूरचा कोळसा आहे, भंडारा-नागपूरकडचे मँगनीज आहे, गडचिरोलीचे लोखंड आहे. परंतु प्राचीन काळी चांदीसाठी चाललेली आणि त्यासाठी ओळखली जाणारी खाण येथे नाही. त्यामुळे पूर्णा, वर्धा किंवा वैनगंगेच्या काठच्या एखाद्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, निघालेले चांदीचे नाणे, त्यावर ठसा कोणत्याही राजाचा असला तरी, बाहेरून आलेल्या धातूचेच असते. ठशावरून राजा कळतो, लिपीवरून काळ कळतो, पण धातू कोणत्या खाणीतला हे त्यांपैकी कशावरूनही कळत नाही. ते शोधण्यासाठी चांदीच्या समस्थानिकांचे, म्हणजे चांदीच्याच पण वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंचे, मापन उपयोगी पडते. हे काम स्वतःच्या गावातून सुरू करून प्रयोगशाळेपर्यंत नेऊ इच्छिणाऱ्या स्थानिक इतिहास मंडळांसाठी आणि इतिहास व रसायनशास्त्राच्या शिक्षकांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. या पद्धतीचे बळ 'धातू इथूनच आला' असे ठामपणे सांगण्यात नसून 'तो इथून आलेला नाही' असे सांगण्यात आहे, हे आधीच मनात पक्के केले तर पुढचे बरेच गैरसमज टळतात.

मोजायचे काय

निसर्गातील चांदीत दोनच स्थिर समस्थानिक असतात: 107 वस्तुमानाचा सुमारे 51.84 टक्के आणि 109 वस्तुमानाचा सुमारे 48.16 टक्के. सर्व चांदी सारखीच असती, तर हे प्रमाण मोजून काही साधले नसते. परंतु धातुक, म्हणजे ज्यातून धातू काढतात ते खनिज, तयार होताना उष्ण द्रावणांतून चांदी बाहेर पडते, पुढे जमिनीच्या पृष्ठभागाजवळ ती झिजते, विरघळते आणि पुन्हा साचते, आणि या क्रियांमध्ये दोन समस्थानिकांचे प्रमाण किंचित इकडेतिकडे होते. हा फरक इतका लहान असतो की तो टक्क्यांत मांडत नाहीत. ठरलेल्या मानकापासून दहा हजारांत किती भाग विचलन झाले ते सांगतात आणि त्या एककाला एप्सिलॉन म्हणतात. खोलवर तयार झालेल्या बहुतेक धातुकांतील चांदी उणे एक ते अधिक एक एप्सिलॉन एवढ्या पट्ट्यात बसते; पृष्ठभागाजवळ पुन्हा साचलेल्या चांदीत मात्र विचलन बरेच मोठे असू शकते.

येथे एक खुलासा करतो, कारण शिक्षकांच्या मनातही या ठिकाणी गोंधळ होतो. पॅलेडियमच्या 107 वस्तुमानाच्या किरणोत्सारी समस्थानिकाचा ऱ्हास होऊन चांदीचा 107 तयार होतो, हे खरे आहे. पण त्याचा अर्धायुष्यकाळ सुमारे 65 लाख वर्षांचा असल्यामुळे तो सूर्यमालेच्या आरंभीच संपून गेला, आणि त्याचा उपयोग उल्का अभ्यासणाऱ्यांना होतो. पृथ्वीवरच्या खाणींमधला फरक रासायनिक क्रियांमुळे पडलेला आहे. म्हणून चांदीच्या समस्थानिकांवरून नाण्याचे वय काढता येत नाही, आणि तसा दावा कोणी केल्यास तो मान्य करू नये.

शिशाची गोष्ट वेगळी आहे. शिशाचे 206, 207 आणि 208 हे समस्थानिक युरेनियम आणि थोरियम यांच्या ऱ्हासातून वाढत जातात, तर 204 तसाच राहतो. त्यामुळे खाणीच्या भूवैज्ञानिक वयानुसार शिशाची ओळख बदलते आणि ती चांदीपेक्षा कितीतरी ठळक असते. जुन्या चांदीत शिसे जवळजवळ नेहमी सापडते. गॅलेनासारख्या शिशाच्या धातुकातून चांदी काढताना ती शिशासह वितळवत, त्यावर हवा सोडून शिशाचे मुर्दाडशिंग, म्हणजे ऑक्साइड, करत, आणि ते भट्टीच्या तळात मुरले की मागे चांदी राहत असे. त्या चांदीत थोडे शिसे उरतेच. अडचण अशी की शुद्धीकरणासाठी शिसे दुसरीकडून आणून मिसळले असेल, तर नाण्यातील शिसे त्या दुसऱ्या जागेची साक्ष देते. चांदीचे समस्थानिक मात्र चांदीबद्दलच बोलतात. म्हणून दोन्ही मोजावेत; केवळ एकावर निर्णय करू नये.

नाणे सापडल्यापासून प्रयोगशाळेपर्यंत

पहिल्या मोठ्या पावसानंतर पांढरीच्या उतारावर माती वाहून जाते आणि नाणी उघडी पडतात; कधी वावरात वखर चालताना, कधी विटांसाठी माती उचलताना ती निघतात. अशा वेळी नाणे उचलण्याआधी जागेचे छायाचित्र घ्यावे. धुऱ्यापासूनचे अंतर, गट क्रमांक, खोली आणि मातीचा रंग लिहून ठेवावा, आणि नाण्याभोवतीची मूठभर माती वेगळ्या पुडीत भरून त्यावर तारीख घालावी. सापडण्याची जागा ठाऊक नसलेल्या नाण्याचे समस्थानिक कितीही अचूक मोजले, तरी त्यातून विदर्भाचा इतिहास निघत नाही.

त्यानंतर कायद्याची पायरी येते आणि ती ओलांडता येत नाही. 1878 च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. त्यात वस्तूचे स्वरूप, अंदाजे मूल्य, जागा आणि तारीख द्यावी लागते. पोलीस पाटील किंवा तलाठी यांना सांगणे चांगलेच, पण त्यांना तोंडी सांगितले म्हणजे काम झाले असे समजू नये. गावात या कायद्याची भीती असते, म्हणून हेही सांगायला हवे की हा कायदा सापडणाऱ्याचा वाटा मान्य करतो, आणि शासनाने निधी ताब्यात घ्यायचे ठरवल्यास धातूच्या मूल्यावर आणखी एक पंचमांश देण्याची तरतूद त्यात आहे. उलट लपवून ठेवणाऱ्याचा वाटा जातो आणि शिक्षाही होते. शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते, त्यामुळे ते परस्पर परदेशी प्रयोगशाळेत पाठवता येत नाही. नमुना काढण्याची परवानगी ज्यांच्या ताब्यात नाणे आहे त्यांच्याकडून लेखीच घ्यावी, मग ते नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, असो किंवा पुरातत्त्व विभाग असो. या कागदपत्रांना वेळ लागतो. तो गृहीत धरूनच कामाचे वेळापत्रक आखावे.

नाणे घासू नये, चिंचेत किंवा रिठ्यात टाकू नये, आणि सोनाराकडे उजळायला तर मुळीच देऊ नये. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यातील नाण्यांबाबत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण पूर्णेच्या खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनीत चांदीवर चांदीच्या क्लोराइडचा राखाडी, मेणचट थर चढतो आणि कधी हा थर इतका आत शिरतो की अख्खे नाणे ठिसूळ होते. हा थर पाहून नाणे शिशाचे आहे असा समज होतो. मोडले तर आत पांढरी चकाकी दिसते, पण ती पाहण्यासाठी नाणे मोडू नये.

आणखी एक बाब आपल्याकडची आहे. सापडलेले नाणे देव्हाऱ्यात ठेवण्याची किंवा गावच्या मारोतीच्या पायाशी वाहण्याची पद्धत आहे, आणि तिथे त्याला शेंदूर लागतो. पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड असतो. तेलात कालवलेला तो शेंदूर नाण्याच्या अक्षरांच्या खाचांत घट्ट बसला, की पृष्ठभागावरून घेतलेल्या नमुन्यातील शिसे आजच्या कारखान्याची ओळख सांगू लागते. चांदीच्या समस्थानिकांवर याचा परिणाम होत नाही, पण शिशाचे मापन वाया जाते. म्हणून नाणे कोणाच्या घरी, कुठे आणि कसे ठेवलेले होते, हे मोकळेपणाने विचारून नोंदवहीत लिहावे. साठवणीसाठी साधी कागदी पाकिटे चालतात. रबर बँड वापरू नये, कारण रबरातील गंधकाने चांदी काळी पडते.

कोणते नाणे या कामाचे

विदर्भात सापडणारी सगळी जुनी नाणी चांदीची नसतात. आजच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळे येथे 1939 मध्ये सापडलेला सातवाहनांचा सुमारे सोळाशे नाण्यांचा प्रसिद्ध साठा पोटीनचा होता, म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाचा. अशा नाण्यांसाठी शिशाचे आणि तांब्याचे समस्थानिक मोजावेत. चांदीच्या मापनावर खर्च करू नये. चांदीच्या पद्धतीला योग्य असे तीन गट आहेत: सुमारे 3.3 ते 3.4 ग्रॅम वजनाची आहत, म्हणजे पत्र्यावर चिन्हांचे ठसे ठोकून पाडलेली, नाणी, पश्चिमी क्षत्रप आणि सातवाहन राजांचा मुखवटा असलेली लहान नाणी, आणि मोगल व भोसलेकालीन रुपये.

प्रत्येक गटापुढचा प्रश्न वेगळा आहे. आहत नाण्यांबाबत विचारायचे ते राजस्थानातील जावर, दरिबा आणि आगुचा या जुन्या खाणींशी त्यांचे नाते आहे का. क्षत्रप-सातवाहन गटाबाबत प्रश्न समुद्रापलीकडचा आहे, कारण पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात भरुकच्छ (आजचे भरूच) बंदरात चांदीची रोमन नाणी उतरत आणि स्थानिक चलनाशी बदलताना नफा होत असे, अशी नोंद आहे. ती रोमन नाणी वितळवून येथे नवी पाडली गेली का, हे तपासण्याजोगे आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे 1906 मध्ये सापडलेल्या क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी बहुतांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवला होता. म्हणजे तिथे राजा बदलला, धातू तोच राहिला. हे उदाहरण सतत डोळ्यांसमोर ठेवावे. रुपयांचा प्रश्न अमेरिकेपर्यंत जातो, कारण सतराव्या शतकात युरोपीय व्यापाऱ्यांनी सुरतेत उतरवलेली स्पॅनिश चांदी टांकसाळीत वितळून मोगल रुपया होत असे.

एकाच नाण्यावर निष्कर्ष काढू नये. एका साठ्यातील एका प्रकारची अनेक नाणी घ्यावीत. ती आपापसांत जुळतात की विखुरतात, हीच पहिली माहिती असते.

नमुना काढणे

आधी प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, दोन दशांश स्थळांपर्यंत वजन करावे आणि व्यास मोजावा. मग शक्य असल्यास क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्राने, म्हणजे एक्सआरएफने, वरवरचे घटक पाहावेत. हे यंत्र फक्त पृष्ठभाग वाचते, आणि मातीत पडून राहिलेल्या नाण्याच्या पृष्ठभागावरून तांबे निघून गेलेले असल्याने चांदी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. त्यामुळे त्याचा खरा उपयोग तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेली नाणी बाजूला काढण्यासाठी आहे.

नमुन्यासाठी नाण्याच्या कडेत, अक्षरे आणि चिन्हे टाळून, एक मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रकाने छिद्र पाडतात. पहिला कीस टाकून द्यावा, कारण त्यात गंज, क्लोराइड आणि हळद-कुंकवासकट सर्व काही असते. आतला चमकदार कीसच घ्यावा. पाच ते दहा मिलिग्रॅम पुरेसे होतात. आहत नाण्याच्या बाबतीत दहा मिलिग्रॅम म्हणजे वजनाच्या सुमारे 0.3 टक्के, तरीही छिद्र कायमचे राहते, हे परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला आणि नाणे सापडलेल्या शेतकऱ्याला आधीच दाखवून द्यावे. प्रत्येक नाण्यासाठी नवा छिद्रक किंवा आम्लाने धुतलेला छिद्रक वापरावा. हात बसवण्यासाठी सोनाराकडून मोडीतले वाळे किंवा तोडा विकत घ्यावा. जुन्या नाण्यावर सराव करणे अक्षम्य आहे. जी नाणी पूर्ण क्लोराइड झाली आहेत, ज्यांच्यात सलग धातू उरलेलाच नाही, ती या अभ्यासातून वगळावीत, कारण त्यांच्यातील चांदी विरघळून पुन्हा साचलेली असते आणि तिचे प्रमाण बदललेले असू शकते.

प्रयोगशाळेत काय घडते आणि काय विचारावे

या मापनाला मल्टिकलेक्टर आयसीपी-एमएस नावाचे यंत्र लागते, ज्यात दोन्ही समस्थानिक एकाच क्षणी वेगवेगळ्या ग्राहकांत मोजले जातात. साधे आयसीपी-एमएस यासाठी चालत नाही. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांसारख्या ठिकाणी अशी यंत्रे आहेत. पण यंत्र असणे आणि चांदीची पद्धत बसवलेली असणे या दोन गोष्टी आहेत, म्हणून नमुने पाठवण्यापूर्वी पत्र लिहून तेवढी चौकशी करावी.

कीस अतिशुद्ध नायट्रिक आम्लात विरघळवतात. यातला मोठा शत्रू क्लोराइड आहे. घामाचा अंश किंवा बोअरचे पाणी मिसळले तरी चांदी पांढरी दह्यासारखी साकळते, आणि काही चांदी खाली बसून उरलेलीच मोजली गेली तर प्रमाण फसवे येते. त्यानंतर आयन-विनिमय स्तंभातून चांदी तांबे आणि शिशापासून वेगळी करतात. स्तंभातून जाताना हलका आणि जड समस्थानिक सारख्या वेगाने जात नाहीत, त्यामुळे चांदी जवळजवळ शंभर टक्के परत मिळायला हवी. यंत्रातच होणारा वस्तुमानानुसारचा फरक काढून टाकण्यासाठी द्रावणात पॅलेडियम मिसळतात, आणि प्रत्येक नमुन्याच्या आधी व नंतर अमेरिकेच्या मानक संस्थेचे 978ए हे प्रमाणित चांदी-द्रावण मोजतात. त्यातील 107 आणि 109 यांचे गुणोत्तर 1.07638 आहे. शिशासाठी हेच काम थॅलियम मिसळून आणि 981 या मानकाने होते.

प्रयोगशाळेकडून नुसते आकडे घेऊन येऊ नये. चांदी किती टक्के परत मिळाली, मानक किती वेळा मोजले, एकाच नाण्याचा कीस दोनदा विरघळवून काय आले, आणि रिकाम्या द्रावणात किती शिसे निघाले, ही उत्तरे अहवालातच मागावीत. चांगल्या मापनात अनिश्चितता 0.1 एप्सिलॉनच्या आत राहते. ती तुमच्या नाण्यांमधल्या फरकापेक्षा मोठी असेल, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

आकडे कसे वाचावेत

एक हिशेब करून पाहू. मानकाचे 109 भागिले 107 हे गुणोत्तर 0.92904 येते. समजा एका नाण्याचे 0.92909 आले. दोघांचा भागाकार करून त्यातून एक वजा केला आणि दहा हजाराने गुणले, की सुमारे अधिक 0.54 एप्सिलॉन मिळतो. दुसऱ्या नाण्याचा अधिक 0.50 आला, तर मापनाच्या अनिश्चिततेत दोन्ही एकच मानावीत. तिसऱ्याचा उणे 0.60 आला, तर पहिल्या दोघांची आणि तिसऱ्याची चांदी एकाच वितळणीतील नाही, असे निश्चित म्हणता येते. खाणीबाबतही हाच न्याय लावावा: नाण्याचा आकडा एखाद्या खाणीच्या धातुकांच्या पट्ट्याबाहेर असेल, तर त्या खाणीची निर्मिश्र चांदी ती नव्हे. आकडा पट्ट्यात बसला, तर ती खाण शक्यतांच्या यादीत राहिली, एवढेच. कारण सगळ्याच खाणींचे आकडे एका अरुंद टापूत असल्याने अनेक खाणींचे पट्टे एकमेकांवर येतात.

मिश्रण ही यातली सर्वांत मोठी गुंतागुंत आहे. जिनिंगमध्ये दहा गावांचा कापूस एकत्र होऊन गाठ बांधली गेली की कोणत्या वावराचा कोणता धागा हे विचारता येत नाही, तसे टांकसाळीच्या मुशीत होते. मात्र येथे गणित थोडी मदत करते. उणे 0.4 ची तीन भाग चांदी आणि अधिक 0.8 ची एक भाग चांदी वितळवली, तर मिश्रण उणे 0.1 येते. एका अक्षावर चांदीचा एप्सिलॉन आणि दुसऱ्या अक्षावर शिशाचे गुणोत्तर घेऊन सर्व नाणी आलेखावर मांडावीत. ती एका ठिपक्याभोवती जमली, तर एकाच स्रोताची किंवा एकाच मोठ्या वितळणीची शक्यता आहे. ती दोन टोकांमध्ये ओळीने पसरली, तर दोन स्रोतांचे वेगवेगळ्या प्रमाणातले मिश्रण संभवते. दोन्ही धातूंचे प्रत्येक चांदीतील प्रमाण वेगळे असल्याने ही ओळ सरळ नसून वाकलेलीही असू शकते, हे लक्षात ठेवावे. सोन्याचा अंशही पाहावा. शिशाच्या भट्टीत सोने चांदीबरोबरच राहते, त्यामुळे चांदीतील सोन्याचे प्रमाण मूळ धातुकाची खूण जपून ठेवते.

या सर्वांचा मेळ कसा घालतात याचा नमुना 2011 मध्ये फ्रान्समधील ल्यों येथील संशोधकांनी दाखवला. त्यांनी प्राचीन भूमध्य प्रदेश, मध्ययुगीन युरोप, स्पेन, मेक्सिको आणि अँडीज येथील 91 नाण्यांमध्ये चांदी, तांबे आणि शिसे या तिन्हींचे समस्थानिक मोजले. 1492 पूर्वीची युरोपीय चांदी मेक्सिकोच्या आणि अँडीजच्या चांदीपासून वेगळी ओळखता येते, तिसऱ्या फिलिप राजाच्या काळापर्यंत (सतराव्या शतकाचा आरंभ) स्पेनच्या नाण्यांत जुन्या युरोपीय चांदीचेच प्राबल्य होते आणि पाचव्या फिलिपपर्यंत (अठराव्या शतकाचा पूर्वार्ध) तिची जागा मेक्सिकोच्या चांदीने घेतली होती, असे त्यांना आढळले. भोसलेकालीन रुपयांवर काम करणाऱ्याला या अभ्यासातून तुलनेसाठी तयार आकडे मिळतात. मेक्सिकोत सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पाऱ्याच्या साहाय्याने चांदी काढू लागले होते आणि त्या पद्धतीत शिशाची गरज कमी पडे. म्हणून एखाद्या रुपयात शिसे फारच कमी निघाले, तर तो प्रयोगशाळेचा दोष न समजता अमेरिकी चांदीचा संभाव्य धागा म्हणून तपासावा.

आहत नाण्यांसाठी असे तयार आकडे पुरत नाहीत. तिथे जावर किंवा दरिबा येथील गॅलेनाचे तुकडे मिळवून ते नाण्यांसोबत त्याच प्रयोगशाळेत, त्याच मानकावर मोजून घेणे हा योग्य मार्ग आहे. एका खाणीचा एकच खडा घेऊन चालत नाही. खोलवरचा आणि पृष्ठभागाजवळचा, असे दोन्ही प्रकार हवेत, कारण प्राचीन खाणकाम वरच्या, झिजलेल्या थरांपासून सुरू होत असे आणि चांदीच्या समस्थानिकांचा खेळ तिथेच जास्त असतो.

अहवाल लिहिताना प्रत्येक नाण्यापुढे सापडण्याची जागा, वजन, नमुन्याचे वजन, चांदीचा एप्सिलॉन, शिशाची गुणोत्तरे आणि त्यांची अनिश्चितता हे सर्व द्यावे, आणि वगळलेली नाणी का वगळली तेही नोंदवावे. निष्कर्षाच्या वाक्यात आधी बाद झालेले स्रोत लिहावेत, मग उरलेले. शिल्लक राहिलेला कीस काचेच्या बंद कुपीत, नाण्याच्याच क्रमांकाने, नाण्यासोबत संग्रहालयात जमा करावा, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला त्याच नाण्यात दुसरे छिद्र पाडावे लागणार नाही.